स्टेजकडे वळवलेला बॉक्स

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत हल्ली माझी वेगळीच चलती आहे. मी मराठी शिकवतो. वय बावन्न, डावा गुडघा कुरकुरतो, आणि पेपर तपासताना चष्मा कपाळावर ढकलून तोच चष्मा टेबलभर शोधत बसतो. असा माणूस मोबाइलवरच्या खेळांच्या स्पर्धांतला जाणकार कसा, असं कुणालाही वाटेल. पण आहे खरा. गणिताच्या बाईंपासून घंटा वाजवणाऱ्या शिपायापर्यंत, ज्याच्या घरात एखादं पोर फोनमध्ये तोंड खुपसून बसलेलं असतं तो प्रत्येक जण मधल्या सुट्टीत माझ्याकडे येतो.

"गुरुजी, आमचा पोट्टा म्हणते का मी खेळून नाई राहिलो, स्पर्धा पाहून राहिलो. पाहासारखं काई असते का त्याच्यात?"

मग मी चहाचा कप बाजूला ठेवतो आणि माझं सुरू होतं.

असतं, पण सगळंच नसतं. नव्या माणसाने पाच विरुद्ध पाच जणांच्या खेळापासून सुरुवात करावी, एका बाजूने बॉम्ब लावायचा आणि दुसऱ्या बाजूने तो निकामी करायचा, तो खेळ. छोटे छोटे डाव, आत शिरलेला एकटा आणि त्याला घेरायला टपलेले चौघे. कबड्डी पाहिलेल्या माणसाला तो दहा मिनिटांत कळतो. रंगीबेरंगी राक्षस घेऊन एकमेकांचे बुरूज पाडायचे ते दुसरे खेळ, ते सोयरिकीच्या बैठकीसारखे असतात. दोन्ही बाजू अर्धा-पाऊण तास नुसता अंदाज घेतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं ठरून जातं. धीर असेल तर पाहावे. फोनवरच्या फुटबॉलची स्पर्धा पाहू नये, त्यापेक्षा उठून मैदानावर जावं. आणि बेटावर शंभर जण उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी एक संघ उरतो तो खेळ, जो आपल्याकडे गल्लोगल्ली खेळला गेला, त्याची अंतिम फेरी नाही पाहिली तरी चालेल. अंतिम फेरीत सगळे अंग चोरून खेळतात. त्याच्या आदल्या दिवशीची फेरी पाहावी, कोण राहतं आणि कोण घरी जातं हे जिथे ठरतं ती. मुलींच्या संघांच्या स्पर्धा तर चुकवूच नयेत. पाहणारे कमी असतात, त्यामुळे खेळणाऱ्या मोकळ्या खेळतात.

हे सगळं मी हातवारे करून, बुरूज पाडून, एकदा तर टेबलाखाली लपून दाखवलेलं आहे. पण एक कसोटी मी सगळ्यांत आधी सांगतो. स्पर्धा सुरू झाली की पहिल्यांदा पाहायचं, खेळाडू कुठे बसवलेत. काचेच्या बंद खोलीत असतील, कानांवर जाड हेडफोन असतील, निवेदकाचा आवाज त्यांच्यापर्यंत कुठूनच पोचत नसेल, तर खुशाल मांडी घालून पाहा. पोचत असेल तर बंद करा. ती स्पर्धा नव्हे.

"इतकं कडक काहून, गुरुजी?" शिपायाने एकदा विचारलं.

"नियम आहे," मी म्हणालो आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेलो. नियमामागचं कारण मी शाळेत कुणालाच सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

मी स्वतः निवेदक होतो. साधासुधा नव्हे. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात जिथे शंकरपट भरायचा, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तिथे माझा आवाज असायचा. जोड्या सुटल्या की डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपतो. तेवढ्या वेळात निवेदकाने अख्खं गाव उभं करायचं असतं. आणि पटाचा निवेदक प्रेक्षकांशी कमी, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याशी जास्त बोलतो. "अबे, उजवा मागं पडून राहिला, कासरा सोड, सोड!" असं मी माचावरून ओरडायचो आणि धुरकरी खालून ऐकायचा. भोंग्यावर आपल्या गावाचं नाव आलं की त्याच्या अंगात यायचं. माझ्या एका हाकेने हरलेली जोडी जिंकली, असं अकोटच्या बाजूचे लोक अजून सांगतात. मी त्यांना कधी अडवलेलं नाही.

मग दोन गोष्टी झाल्या. पटावर कोर्टाची बंदी आली, आणि कापसाची वर्षं एकामागून एक वाईट गेली. बोंडअळीच्या वर्षी तर लोकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर फिरवले. गावोगावच्या मंडळांनी कबड्डीचे सामने बंद केले, झाडीपट्टीतून नाटकं बोलावणं बंद केलं. मला माइकवर बोलावणं यायचं ते शोकसभेचं. कुणाचा थोरला, कुणाचा जावई. ज्या आवाजात मी जोड्या पुकारल्या होत्या तोच आवाज खाली उतरवून मी म्हणायचो, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सभा संपली की कुणीतरी जवळ येऊन म्हणायचं, चांगलं बोललात, गुरुजी. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसायचो आणि मनातल्या मनात टाळ्या ऐकायचो. हे लिहायला बरं वाटत नाही. पण मला टाळ्यांची भूक लागली होती आणि ती भूक सभ्य नव्हती.

त्याच सुमारास माझी भाची आमच्याकडे अमरावतीला राहायला आली. मोठ्या बहिणीची मुलगी, हिवरखेडची. वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, बोलायला तिखट आणि बेटावरच्या त्या खेळात अशी तरबेज, की गल्लीतले पोट्टे तिच्याविरुद्ध खेळायचं टाळायचे. तिचा चौघींचा संघ होता. दोघी अमरावतीच्या आणि एक तिवशाची. तिवशाची पोरगी कप्तान. ती आणि भाची एका ताटात जेवायच्या आणि जेवता जेवता एकमेकींना शिव्या घालायच्या. चौघी आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून खेळत, कारण घरात तेवढीच जागा थंड. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे उभा राहायचो.

"का करून राहिली?"

"लपून राहिली, मामा."

"लपून? अन् मारशीन कधी?"

"मारासाठीच लपून राहिली ना! तुमी जरा चूप राहा."

हळूहळू मला खेळ कळायला लागला. खेळातलं सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं, बाहेर राहिला तो मेला. शेवटी उरलेले लोक आडोसा धरून पालथे पडतात. पालथं पडलं की पाय लांब होतात आणि भिंतीच्या बाहेर दिसतात. नवशिके तिथेच मरतात. भाचीची ही एकच खोड होती. तिवशाची पोरगी दर दहा मिनिटांनी ओरडायची, "पाय! पाय आत घे!" आणि भाची स्वयंपाकघरातल्या फरशीवर आपले खरे पाय जवळ ओढायची. आम्ही सगळे हसायचो.

माझ्या भाऊजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, हा उद्योग पसंत नव्हता. पण ते तोडून बोलणारे नाहीत. त्यांनी लेकीशी बोली केली. अकोल्यात मोबाइल दुकानदारांच्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली होती, आणि पहिल्या आलेल्या संघाला पुण्यात एका कंपनीच्या शिबिरात सहा महिने राहून खेळायला मिळणार होतं.

"पयला नंबर आला तर मी सोता पुण्याले सोडून देतो," भाऊजी म्हणाले. "नाई आला तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा अन् हा विषय मिटला. कबूल?"

"कबूल," भाची म्हणाली.

दुसऱ्या नंबरचं काय, हे दोघांनीही काढलं नाही.

आणि त्या स्पर्धेला मंडळाने निवेदक म्हणून बोलावलं कुणाला? मला! हिंदीत ओरडणारे पुष्कळ मिळतात, त्यांना वऱ्हाडी माणूस हवा होता. भाची खेळणार आहे हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, तुम्हाला काही निकाल द्यायचा नाही, फक्त बोलायचं आहे. फक्त बोलायचं आहे! मी आनंदाने वेडा झालो. बायकोने इस्त्री केलेला सदरा मी दोनदा बदलला. भाचीला मामाची भेट म्हणून उत्तम हेडफोन घेऊन दिले, कान पूर्ण झाकणारे. ते घातले की शेजारी बँड वाजला तरी कळू नये.

स्पर्धा भरदिवसा, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथे लग्न होतं, त्यामुळे स्टेजच्या मागच्या पडद्यावर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच होतं आणि त्याखाली टेबलं मांडून सगळे संघ लोकांकडे तोंड करून बसलेले. त्यांच्या डोक्यावर मोठा पडदा. म्हणजे कोण कुठे लपलंय ते आम्हाला सगळं दिसणार आणि खेळणाऱ्यांना काहीच नाही. मी खाली एका कोपऱ्यात, माइक घेऊन.

लाउडस्पीकर माझ्या जुन्या दोस्ताचा होता. अकोल्याचाच, वडिलांपासून त्यांचा साउंडचा धंदा. वीस वर्षं पटांत माझा आवाज त्यानेच गावांवर सोडला होता. त्याने दोन मोठे बॉक्स स्टेजच्या पायथ्याशी लोकांकडे तोंड करून लावले होते. मी माइकवर फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" केलं आणि स्टेजकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही.

"भाई, वर आवाज जाऊन नाई राहिला."

"जाना भी नहीं चाहिए, गुरुजी. मंडळाच्या पोट्ट्यांनी सांगितलं, खेळणाऱ्यांकडे एक पण बॉक्स नको."

"अरे, खेळणाऱ्याले आपल्या गावाचं नावच आयकू नाई आलं तर तो खेळंन काय? एक बॉक्स वर चढव. त्यायच्याकडे तोंड करून."

"गुरुजी, ये पट नहीं है."

"वीस वर्सं माझा आवाज लावला तू. आता मले शिकवतो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. गळ्यातल्या रुमालाने हात पुसले आणि एक बॉक्स उचलून स्टेजच्या कडेला, टेबलांकडे तोंड करून ठेवला.

"आप जानो," तो म्हणाला.

मंडळाची तरुण मंडळी तेव्हा इंटरनेटच्या तारा ओढण्यात गुंतली होती. कुणी पाहिलं नाही.

सकाळच्या फेऱ्यांत मी तापत गेलो. दुपारपर्यंत लोक जेवायला जायचे थांबले. शेवटच्या सामन्याला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुणांत दोन संघ सारखे होते, आमच्या पोरी आणि अकोटचे पोट्टे. त्यांच्यातला जो शेवटपर्यंत जगेल तो पहिला. आणि नशीब असं, की शेवटी उरले तेच. तिकडे अकोटचे दोघे. इकडे तिघी गारद होऊन उरलेली एकटी भाची.

अकोटचे पोट्टे एक कान उघडा ठेवून खेळत होते. साध्या वायरीचे इअरफोन, एक बोंड कानात आणि दुसरं छातीवर लोंबकळतंय, कारण त्यांना शेजारी बसून एकमेकांशी बोलायचं होतं. हे मी पाहिलं होतं. पाहून मनात म्हणालो, चला, निदान हे तरी मला ऐकतायत.

पडद्यावर काय होतं ते सांगतो. सगळीकडे वाळलं गवत. मधोमध एक पडकी भिंत, तिच्यामागे भाची पालथी. पाय? पाय आत. दोन्ही पाय भिंतीच्या सावलीत, नीट, पूर्ण आत. मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. अकोटचे दोघे तिच्याकडे पाठ करून समोरचा डोंगर चढत होते, ती वर असेल म्हणून. वर्तुळ खाली सरकत होतं. अर्ध्या मिनिटात त्यांना डोंगर सोडून उघड्यावर उतरावंच लागणार होतं आणि ही आडोशाला बसून दोघांना टिपणार होती. हॉलमधल्या लहान पोरालाही ते दिसत होतं.

अर्धं मिनिट. तेवढंच मला गप्प बसायचं होतं.

पण लोक खुर्च्यांवर चढले होते हो! किती वर्षांनी माझ्या आवाजावर लोक खुर्च्यांवर चढले होते. शोकसभेत कुणी खुर्चीवर चढत नाही. माझ्या छातीत पटाचा ढोल वाजायला लागला आणि मी, मराठीच्या शिक्षकाने, भाचीच्या सख्ख्या मामाने, माइक तोंडाला लावून थेट खेळणाऱ्यांनाच पुकारलं.

"अबे अकोटवाल्यांनो, डोंगर काय चढून राहिले! मागं पाहा, मागं! पडक्या भितीमागं हिवरखेडची वाघीण बसली, दोघायलेही खाऊन टाकंन!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्या बडवणं. आणि पडद्यावर ते दोघे चढता चढता थांबले, गर्रकन वळले आणि सरळ भिंतीकडे निघाले, एक डावीकडून, एक उजवीकडून. भाचीने डावीकडच्याला पाडलं. उजवीकडच्याने तिला.

मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, लय वर्सानं अशी मजा आली." माझ्या दोस्ताने तारा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे न पाहता दोनच शब्द उच्चारले.

"सुना उन्होंने."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पोरींकडे गेलो. भाचीने हेडफोन गळ्यात उतरवले होते. त्या चारही जणी शेवटपर्यंत हेडफोन लावून एकमेकींशीच बोलत होत्या, हॉलमधलं त्यांना काही कळलं नव्हतं. तिवशाची पोरगी भाचीसमोर उभी होती.

"कितीदा सांगितलं पाय आत घे! कितीदा सांगितलं तुले!"

"घेतला होता न."

"मंग दिसली कशी त्यायले? भितीच्या आरपार पाहते काय ते? दोन वर्सं एकच गोष्ट सांगून राहिली मी, एकच! माझं पण पुणं घालवलं तू."

बाकीच्या दोघी बॅगा भरत होत्या. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी शाल पांघरून उभा होतो, हातात नारळ. आणि मी म्हणालो,

"होते असं, बेटा. राहिला असंन पाय बाहेर."

मला कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प बसायची त्या दिवसातली ती दुसरी वेळ होती आणि तीही मी घालवली.

अमरावतीच्या बसमध्ये चौघी तीन वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागच्या बाकावरचे एक गृहस्थ पुढे वाकून मला म्हणाले, "गुरुजी, ते तुमी भितीचं बोलले ना, लय जोरदार." मी घाईघाईने त्यांना विचारलं, कांद्याला भाव काय आहे. त्यांना कांद्याचं काही माहीत नव्हतं. तरी मी अमरावती येईपर्यंत कांद्यावर बोललो. खिडकीशी भाची डोळे मिटून बसली होती.

घरी पोचल्यावर भाऊजींचा फोन आला. मीच घेतला.

"कितवी?"

"दुसरी."

"चांगली खेळली मंग," ते म्हणाले. "फॉर्म आणून ठेवला हाये मी."

भाऊजींच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांनी शब्द पाळला, भाचीनेही पाळला. अकोल्यात नर्सिंग केलं, तिथेच एका दवाखान्यात लागली. उत्तम नर्स आहे, तिच्या वॉर्डातले म्हातारे तिला नावाने हाका मारतात. पण संघ मोडला. अमरावतीच्या दोघींशी सणावारी बोलणं उरलं. तिवशाच्या पोरीने त्या दिवसानंतर तिच्याशी एक शब्द काढला नाही.

दिवाळीला भाची आमच्याकडे येते. दिवाणावर बसली की दोन्ही पाय आत ओढून मांडीखाली घालते. तिला कळत नसावं. मी ते पाहिलं की पाणी आणायला उठतो. एकदा माझी बायको म्हणाली, "अगं, पाय मोकळे सोडून बस की." ती हसली. "याच पायानं घात केला न, मामी," म्हणाली. मी पूर्ण तांब्या संपवला.

तर स्पर्धा मी अशा पाहायला लागलो. खरं सांगायचं तर मी सुटका शोधत होतो. मला एक असा सामना हवा होता, मोठ्या शहरातला, मोठ्या बक्षिसाचा, ज्यात निवेदकाने खेळाडूची जागा अशीच ओरडून सांगितलीय आणि कुणाला काही वाटलेलं नाही. तसा एक सापडला असता तर मी मनाशी म्हणालो असतो, चालतं सगळीकडे. मी कोरियाचे पाहिले, युरोपातले पाहिले, मुंबई-दिल्लीचे पाहिले. जितके पाहिले तितका मी अडकत गेलो. कुठे काचेच्या खोल्या. कुठे निवेदक दुसऱ्याच इमारतीत. कुठे प्रेक्षकांना खेळ मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात. लोकांनी किती विचार करून माझ्यासारख्याचं तोंड बांधून ठेवलं होतं! माझं ज्ञान वाढलं, शिक्षकखोलीत मान वाढला, आणि पट पुन्हा सुरू झाल्यावर बोलावणी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. दर वेळी.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी अकोल्याला भाचीच्या खोलीवर गेलो. तिची सुट्टी होती. तिने आलूपोहा केला आणि लॅपटॉपवर मुलींच्या संघांची एक स्पर्धा लावली, बॉम्बच्या खेळाची. स्पर्धा छान होती. दोन्ही संघ काचेच्या खोल्यांत.

"पाहा मामा, या काचेतून आत काईच आयकू जात नाई. अन् वरून त्यायच्या हेडफोनमदी खरखर सोडून ठेवते."

"कशाले?" मी विचारलं. मला पाठ होतं ते.

"कशाले म्हणजे? निवेदकानं जागा सांगून टाकली तर? संपला न खेळ!" आणि ती हसली, पोह्याचा घास तोंडात घेऊन, अगदी निर्धास्त.

माझ्याकडे गोष्ट सांगायच्या चाळीस पद्धती आहेत. त्या वेळी एकही हाताशी आली नाही.

"मी सांगितली होती," मी म्हणालो. "अकोल्यात. तुझी जागा. भोंग्यावरून."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. बॉक्स मी फिरवायला लावला. अकोटवाल्यांचा एक कान उघडा होता. मी म्हणालो मागं पाहा, भिंतीमागे बसली आहे. ते वळले.

तिने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

"म्हणजे पाय आत होता?"

"आत होता."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी पडद्यावर पाहून राहिलो होतो न. पूर्ण आत."

एक क्षण तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं सुटलो. मग तो मिटत गेला.

"चार वर्सं, मामा."

"हाव."

"मी घरी आली, गेली, चार दिवाळ्या केल्या. अन् तुमी तवा सोताच्या तोंडानं बोलले, पाय राहिला असंन."

"हाव."

"काहून?"

"शाल पांघरून उभा होतो, बेटा," मी म्हणालो.

ती उठली, ताटल्या मोरीत ठेवल्या, बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिचा फोन होता. तीन नंबर काढून तिने माझ्यापुढे धरला.

"लावा. तिघींलेही. आत्ताच्या आत्ता, माह्यासमोर."

अमरावतीच्या दोघींपैकी पहिलीचं लग्न झालं होतं, ती सासरी होती. तिने फोन उचलला आणि मी सवयीने सुरुवात केली, "अगं, एक गंमत सांगतो तुले..."

"गंमत नाई," भाची म्हणाली. "सरळ सांगा."

मी सरळ सांगितलं. पहिली म्हणाली, "असं का? जाऊ द्या आता, मामा." तिच्याकडे लहान मूल रडत होतं. दुसरीने नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या फोनपर्यंत माझी गोष्ट पाच वाक्यांवर आली होती. मी तुझ्या मैत्रिणीचा मामा. स्पर्धेत तिचा पाय बाहेर नव्हता. मी माइकवरून अकोटवाल्यांना तिची जागा सांगितली. नंतर मीच पायाचं खोटं बोललो. चूक माझी आहे, तिची नाही.

तिवशाच्या पोरीकडे मागे पिठाची गिरणी चालू असावी, तिची घरघर येत होती.

"मी तिले का का बोलली, मालूम हाये तुमाले?" ती शेवटी म्हणाली.

"मी तिथंच होतो. आयकलं होतं."

"आयकलं होतं. अन् शाल घालून उभे होते."

"हाव."

गिरणीचा आवाज लांब गेला. ती बाहेर येऊन बोलत असावी.

"ती हाये काय तिथं?"

मी फोन भाचीकडे दिला. तिने तो कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने मला दाराकडे बोट दाखवलं. माझ्या आयुष्यात मला इतक्या कमी शब्दांत कुणी बाहेर काढलेलं नाही.

मी बाहेर गॅलरीत आलो. आतून भाचीचा आवाज आला, बारीक. "बोल न," ती म्हणाली.

पुढचं ऐकायची मला फार इच्छा होती. मी दार नीट ओढून घेतलं, जिना उतरलो आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.